ठणठणीत उंदीर

एकही उंदीर आजारी पडायला तयार नव्हता.

डॉक्टर कुंगने पहिल्या पिंजऱ्यातला उंदीर उचलून काट्यावर ठेवला. डेंग्यूचा विषाणू टोचून आठवडा उलटून गेला होता. पुस्तकाप्रमाणे एव्हाना त्याने पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसायचं, केस विस्कटायचे, अन्न टाकायचं. या गृहस्थाने काट्यावर बसून आधी मिशा साफ केल्या, मग तिच्या हातमोज्याचा वास घेतला आणि कालच्यापेक्षा वजन वाढवून दाखवलं.

"लुंग," ती न वळता म्हणाली, "यांना खाद्याच्या गोळ्यांशिवाय काय खायला मिळतंय?"

लुंग चोम फरशी पुसत होता. उंदीरखाना त्याच्या ताब्यात होता आणि वयाने तो सगळ्या डेंग्यू संशोधन केंद्राचा काका होता, म्हणून लुंग.

"काही नाही. ठरलंय तेच," तो म्हणाला.

"लुंग."

"थोडा चिकट भात. नारळाच्या दुधातला. बायको जास्त करते, मी एकटा किती खाणार?"

"हे प्रयोगाचे उंदीर आहेत. जावई नाहीत."

"तुम्ही सुई टोचता, मी भात देतो," लुंग चोम फडकं पिळत म्हणाला. "माणसात सगळेच सुई टोचणारे असतात असं त्यांना वाटायला नको."

कुंगने भात बंद करायला लावला. उंदरांनी त्याचंही मनावर घेतलं नाही. ते चाकावर पळत राहिले, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत राहिले आणि ठणठणीत राहिले.

यात उंदरांचा काही दोष नव्हता आणि कुंगला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साध्या पांढऱ्या उंदराच्या अंगात डेंग्यूचा विषाणू शिरला की त्याचं बस्तान बसायच्या आतच त्याला हाकलून लावलं जातं. आजारी पडणारा उंदीर वेगळा असतो. त्याची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच अधू केलेली असते आणि तो परदेशातून मागवावा लागतो. कुंगने तसा मागितलाही होता. पण केंद्राच्या संचालकांना परदेशी उंदीर ही कल्पनाच अपमानास्पद वाटली होती.

"ताप थाई, डास थाई, विषाणू थाई," आचान थावोन टेबलावर बोट आपटून म्हणाले होते, "मग उंदीर परका कशाला?"

संचालक होण्याआधी ते शिकवत असत. शिकवणं सुटलं, 'आचान' ही उपाधी मात्र राहिली आणि समोरच्याला वर्गात उभं करायची सवयही राहिली. नुसतं बोट आपटून ते थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांनी रात्चबुरीच्या टीव्हीवर मुलाखत दिली. कालव्याकाठच्या आमच्या छोट्या केंद्रात देशातला पहिला स्वदेशी डेंग्यूचा उंदीर तयार झाला आहे, असं हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं. केंद्राच्या फाटकावर उंदराचं भलंमोठं चित्र लागलं. ते ऐकून कामाला पैसा पुरवणाऱ्या बँकॉकच्या मंडळाने कळवलं, की पुढल्या महिन्यात एका शुक्रवारी आम्ही तो उंदीर बघायला येतो. काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते त्यानंतर ठरवू.

काम गुंडाळलं की कुंगचा करारही गुंडाळला जाणार होता. ती चाळिशीला आली होती. डेंग्यूवर औषध शोधायचं तर आधी आजारी पडणारं जनावर हवं, या एका गोष्टीसाठी तिने दोन नोकऱ्या आणि एक होणारा नवरा सोडला होता. नवऱ्याबद्दल तिला फारसं काही वाटत नव्हतं.

"पाठीला पोक?" आचान थावोननी तिला बोलावून विचारलं.

"नाही."

"केस?"

"चकचकीत."

"डोळे?"

"माझ्यापेक्षा चांगले."

"वजन तरी उतरलं असेल."

"वाढलंय, आचान."

संचालक विचारात पडले. "वाढणं हेही लक्षण असू शकतं. सूज."

"भात होता तो."

"नोंग कुंग," त्यांनी आवाज मऊ केला. धाकट्या बहिणीसारखं 'नोंग' म्हणून हाक मारली की पुढे काहीतरी गैर सांगायचं असतं, हे केंद्रातल्या मांजरालाही ठाऊक होतं. "शुक्रवारी एखादा उंदीर जरा मलूल दिसायला हवा. बस. सकाळपासून पाणी दिलं नाही, तर कुणीही मलूल दिसतं."

"मग आपण तहानेचा उंदीर तयार केला असं सांगा टीव्हीवर."

"मी काही खोटं लिही म्हणत नाही. दाखव म्हणतोय."

"त्यांना नाटक येत नाही. मलाही येत नाही."

"तुझ्या करारावर सही माझी लागते."

"लागते ना. पेन देऊ?"

आचान थावोननी तिला जायला सांगितलं. विज्ञानाकडून आता काही मिळत नाही अशी त्यांची खात्री पटली, आणि अशा वेळी सगळे जिकडे जातात तिकडे ते गेले.

केंद्राच्या अंगणात, चाफ्याच्या झाडाखाली, एका खांबावर चाओ थीचं छोटंसं देऊळ होतं. चाओ थी म्हणजे त्या जागेचा मूळ मालक. केंद्र बांधणारे आले आणि गेले, संचालक बदलले, पण जागा त्याची. त्यामुळे यंत्र बिघडलं, बढती अडकली, कुणाचं लग्न ठरेना, की लोक त्याच्यापुढे लाल सरबताची बाटली ठेवत, झाकण काढून आत नळी घालून. मालकाने तोंड लावायचं तर सोय नको?

आचान थावोननी बूट काढले, दोन बाटल्या ठेवल्या, गुडघे टेकले आणि नवस बोलले. शुक्रवारी मंडळापुढे ताप दिसू दे. उकडलेल्या अंड्यांची रास घालीन.

ही बातमी दुपारी जेवणघरात पोचली आणि तिथून उंदीरखान्यात. लुंग चोमने हातातली झाडणी भिंतीला टेकवली.

"माझ्या पोरांना ताप यावा म्हणून नवस?"

"बोलू द्या त्यांना. उंदरांना तो ताप येतच नाही," कुंग म्हणाली.

"तुमच्या शास्त्राप्रमाणे येत नाही. चाओ थीने मनात आणलं तर?"

"चाओ थीला उंदराच्या प्रतिकारशक्तीतलं काय कळतंय?"

लुंग चोमने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढी शिकून पोरगी वाया गेली. संध्याकाळी घरी जाता जाता तोही चाफ्याखाली थांबला. त्याने दोन बाटल्या ठेवल्या आणि विनवलं, की माझ्या उंदरांच्या केसालाही धक्का लागू देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी आचानांनी चार बाटल्या मोजल्या. आपल्या दोन, मग उरलेल्या कुणाच्या? पहारेकरी बुनमा दिवसभर तिथेच सावलीला खुर्ची टाकून बसायचा. त्याने सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्याच अंगणात, माझ्याच देवाकडे, माझ्या विरुद्ध अर्ज?" आचान म्हणाले आणि ड्रायव्हरला बाजारात पिटाळलं.

मग सुरू झालं. आचानांनी बाटल्यांचं खोकं ठेवलं की लुंग चोम केळ्यांचा घड आणायचा. आचानांनी नवसाला वाहतात तसे सिमेंटचे दोन झेब्रे उभे केले, तर लुंग चोमने बायकोच्या माहेरून सिमेंटचा कोंबडा आणला, झेब्र्यांपेक्षा उंच. अंडी रोज यायची. देवाचं खाऊन झालं की उरलेलं वाटून घ्यायची पद्धत, त्यामुळे अख्खं कार्यालय दोन्ही बाजूंची अंडी खाऊन तटस्थ राहिलं. जेवणघरवालीने मात्र तक्रार केली, की तुमच्या भांडणात माझी नूडल्स खपेनात.

पाऊस सुरू झाला होता. उघड्या बाटल्यांत पाणी साचायचं, सरबत पातळ व्हायचं, आणि बाटल्यांच्या गर्दीत चाओ थीचं देऊळ दिसेनासं व्हायला लागलं. कुंगने एका सकाळी सगळ्या बाटल्या उलट्या केल्या.

"अगं, काय करतेस?" आचान खिडकीतून ओरडले.

"डासांची अंडी काढतेय, आचान. आपण डेंग्यूचं केंद्र आहोत, आठवतंय ना?"

"तो नैवेद्य आहे."

"डासांना पोचतोय."

आचानांना राग आला, पण त्याहून जास्त काळजी वाटली. मालकाचा पेला लवंडलेला. भरपाई मोठी हवी. रात्चबुरी रांजणांसाठी प्रसिद्ध, तिथल्या माणसाला मोठी भरपाई म्हटली की एकच गोष्ट सुचते. दुपारी टेम्पोतून दोन रांजण उतरले. कमरेएवढे उंच, अंगाभोवती पिवळे ड्रॅगन वेटोळे घातलेले. देवळाच्या दोन्ही बाजूंना ते मांडले, काठोकाठ पाणी भरलं, कमळं सोडली. आचान त्यापुढे बसले आणि त्यांनी नवस वाढवला. शुक्रवारी मंडळाच्या डोळ्यांदेखत ताप दिसला तर मी स्वतः, मुकुट घालून, तुझ्यापुढे नाचेन.

लुंग चोमने रांजण पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. एवढं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

कुंगने रांजण पाहिले आणि तिचाही चेहरा पडला. याच देशात, याच जिल्ह्यात, गावोगाव फिरून तिने लोकांना सांगितलं होतं, की डेंग्यूच्या डासाला तुमचा रांजण फार आवडतो. तिने पाण्यात अळीनाशक वाळू टाकली. आचानांनी लगेच दोन्ही रांजण रिकामे करून नव्याने भरून घेतले.

"देवाच्या पाण्यात विष कालवतेस?"

"मग मासे सोडते. गप्पी मासे. ते अळ्या खातात."

"मासे," आचानांनी विचार केला. "मासे शुभ असतात. सोड."

तिने ओंजळभर गप्पी आणून दोन्हीत सोडले आणि एक काम मार्गी लागलं म्हणून ती उंदरांकडे वळली. कमळाची पानं पसरली. पाणी दिसेनासं झालं. मध्येच एकदा लुंग चोम रिकामी बादली हलवत कालव्याकडून येताना दिसला, इतक्या समाधानाने की लॉटरी लागली असावी. कुंगने काही विचारलं नाही. पुढे पहारेकरी बुनमाला ताप आला, तो जिल्ह्याच्या इस्पितळात चार दिवस राहून रजेवर गेला. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर आता आचान थावोन बसू लागले. रोज दुपारच्या जेवणानंतर, बूट-मोजे काढून, पाय पसरून, डोळे मिटून. नवस पक्का व्हायचा तर देवाला तोंड दाखवत राहिलं पाहिजे.

"आचान, पाय झाका," कुंग एकदा जाता जाता म्हणाली.

"देवापुढे मोजे घालून बसू?"

*

शुक्रवार उजाडला. आचान थावोनना सकाळपासून कसंसंच होत होतं, पण मोठ्या दिवशी कुणाला होत नाही? त्यांनी कोट चढवला.

मंडळ म्हणजे तिघं जण, आणि त्यातल्या दोघांचं काम आचान विलाई बोलत असताना मान डोलावायचं होतं. या बाई सत्तरीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या. ती काठी बहुधा चालण्यासाठी नव्हती.

"हा आमचा अस्सल थाई उंदीर," आचान थावोन काचेच्या खिडकीपुढे हात पसरून म्हणाले. पलीकडे पिंजऱ्यांची रांग होती आणि पिंजऱ्यांत जत्रा भरली होती. एक जण चाकावर पळत होता, दुसरा त्याच्या वळणाची वाट बघत होता, तिसरा छपराला उलटा लटकला होता.

"यातला आजारी कोण?" आचान विलाईंनी विचारलं.

"ते डॉक्टर कुंग सांगतील," आचान थावोन म्हणाले आणि त्यांनी कुंगकडे पाहिलं. त्या नजरेत करार होता, सही होती, 'नोंग' होतं, सगळं होतं.

लुंग चोम दाराशी हात जोडून उभा होता. कुंगने एकदा उंदरांकडे पाहिलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

"आज नाही?"

"कधीच नव्हता. साध्या उंदराला हा आजार होत नाही. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा टोचून बघितलं, तेही सांगितलं. यांना डेंग्यू होत नाही, एवढंच या प्रयोगातून सिद्ध झालं, आणि ते जगाला आधीच ठाऊक होतं."

काचेपलीकडे चाक तेवढं फिरत होतं.

"ही हट्टी आहे," आचान थावोन म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तो बघा, कोपऱ्यातला. किती मलूल."

कोपऱ्यातला मलूल उंदीर जागा झाला, त्याने जांभई दिली आणि तो चाकाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"थावोन," आचान विलाई म्हणाल्या, "तुम्ही उभे का डुलताय?"

"मी? नाही. दिवे फार आहेत इथे." त्यांनी डोळ्यांवर हात धरला, भिंत शोधली, ती सापडली नाही, आणि ते हळूहळू जमिनीवर बसले.

काठी बाजूला ठेवून आचान विलाई त्यांच्यापुढे वाकल्या. कपाळाला हात लावला. बाही वर सारली. हातावर लाल ठिपके.

"डोळ्यांच्या मागे दुखतंय?"

"हो."

"सांधे?"

"कुणीतरी लाटण्याने ठोकल्यासारखे."

"कधीपासून?"

"परवा. मला वाटलं, तुमची धास्ती."

"माझ्या धास्तीने पुरळ येत नाही." त्या काठी टेकून उठल्या आणि कुंगला म्हणाल्या, "एक आजारी आहे की तुमच्याकडे. एवढंच, की पिंजऱ्याच्या बाहेर आहे."

स्ट्रेचर आलं. त्यावर आडवं होताना आचान थावोनना अचानक तरतरी आली. त्यांनी बोट उचललं, रोख कुंगकडे.

"हिच्या उंदीरखान्यातून आलाय हा. हिचाच विषाणू. कुठलातरी डास हिच्या उंदराला चावला, मग मला. लिहून घ्या."

"आचान, तिथे दोन दारं आणि दोन जाळ्या आहेत," कुंग म्हणाली.

"डासाला दार कशाला लागतं?" असं ते म्हणत असतानाच त्यांना गाडीत चढवलं गेलं.

पुढल्या अर्ध्या तासात इस्पितळाच्या खाटेवरून फोन आला. खबरदारी म्हणून सगळे उंदीर आजच्या आज संपवा, खोली धुवून काढा, डॉक्टर कुंगच्या हातून चाव्या घ्या. मंडळातल्या मान डोलावणाऱ्यांनी मान डोलावली. नियमाने संशय आला की असंच करतात.

चाव्या मागायला कार्यालयातली माणसं उंदीरखान्याशी गेली, तर दारात लुंग चोम स्टूल टाकून बसलेला.

"चाव्या?"

"कसल्या चाव्या?"

"लुंग, संचालकांचा हुकूम आहे."

"मला ऐकू कमी येतं."

"कालपर्यंत तर येत होतं."

"आजपासून कमी आलंय. ताप बहुतेक कानातच शिरला."

कुंगने दुसरं स्टूल आणलं आणि ती त्याच्या शेजारी बसली. हाताची घडी घालून. समोर आचान विलाई येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, मी तुला अडवत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या बाजूने बोलायला काहीतरी हातात दे. तुझा विषाणू नाही, हे कसं दाखवशील?"

"आमच्याकडे फक्त दुसऱ्या प्रकारचा विषाणू आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. आचानांचं रक्त तपासा. दुसरा निघाला, तर चाव्या मी स्वतः देते आणि बॅगही भरते."

"तपास मग. तुझ्याकडे यंत्र आहे."

"मी नाही तपासणार. मी तपासलं तर म्हणतील हिनेच हवं ते काढलं. नमुना तुम्ही बँकॉकला न्या. आणि इस्पितळात बुनमा नावाच्या पहारेकऱ्याचं रक्त असेल, तेही न्या. तो आधी आजारी पडला होता."

"तो तुझ्या उंदीरखान्यात जायचा?"

"तो कुठेच जायचा नाही. चाफ्याखाली बसायचा." एवढं बोलून कुंग थांबली. चाफ्याखाली. मग ती उठली, पांढरं तसराळं घेतलं, मोठा डाव घेतला आणि सरळ अंगणात गेली.

कार्यालय तिच्या मागे धावलं.

"डॉक्टर, रांजणाला हात लावू नका, आचानांचा नवस आहे त्यात."

"नवसात नाही, पाण्यात हात घालतेय."

"चाओ थी रागावेल."

"रागावू दे. त्याच्याशी मी बोलेन. आमची ओळख नाही, आज होईल."

तिने कमळाची पानं बाजूला केली, डाव बुडवला आणि पाणी तसराळ्यात ओतलं. पांढऱ्यावर काळ्या बारीक अळ्या वळवळायला लागल्या, शेकडोंनी, सगळ्यांना कुठेतरी पोचायची घाई. दुसऱ्या रांजणातही तेच. मासा एकही नाही.

"मी यात गप्पी सोडले होते," ती म्हणाली. "दोन्हीत. कुठे गेले?"

मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. उंदीरखान्याचं दार सोडून लुंग चोम आला होता आणि ऐकू येण्याची त्याची तक्रार पार गेली होती.

"ते मुक्त झाले," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आचानांनी रांजण आणले. मी कुठून आणू? म्हटलं, पुण्य तरी करावं. जीव सोडवला की पुण्य लागतं. एवढेसे मासे, मडक्यात कोंडलेले. बादलीत घेतले आणि कालव्यात सोडले, उंदरांच्या नावाने." तो जरा थांबला. "सगळे. एकही ठेवला नाही. पुण्यात कसूर नको."

कुंगने डोळे मिटले. एवढ्या मोठ्या केंद्रात तिच्या बाजूचा म्हणून हा एक माणूस होता.

आचान विलाईंच्या खांद्यांना हादरे बसत होते. काठीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उंदीर राहू द्या. बँकॉकहून उत्तर येईपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही. आणि ते रांजण ओता."

"नवस?" कार्यालय म्हणालं.

"मी ओतते," कुंग म्हणाली आणि तिने खांदा लावून पहिला रांजण कलता केला.

*

उत्तर आलं. आचान थावोनच्या अंगातला विषाणू पहिल्या प्रकारचा होता. बुनमाच्या अंगातलाही पहिल्याच. उंदीरखान्यात होता तो दुसरा, कुपीत बंद, कुणाला न चावलेला. डास आधी बुनमाला चावला होता आणि मग त्याच खुर्चीवरच्या नव्या पायांना.

कुंग इस्पितळात भेटायला गेली. आचान थावोन मच्छरदाणीत पडले होते, बारीक झालेले, पपईचा रस पीत.

"उंदीर?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत."

"मंडळ?"

"काम चालू ठेवा म्हणालं. आजारी पडणारे उंदीर परदेशातून मागवायला मंजुरी दिली. आणि जुने मारायचे नाहीत. नवे आजारी पडतील, तेव्हा तुलना करायला निरोगी लागतात. ठणठणीत राहायचं, हेच आता त्यांचं काम."

आचानांनी रसाचा पेला खाली ठेवला.

"नोंग कुंग."

"सहीसाठी करार आणलाय मी, आचान. पेनसुद्धा."

त्यांनी सही केली. मग हळूच म्हणाले, "पण एक गोष्ट झाली. मी मागितलं होतं, शुक्रवारी मंडळापुढे ताप दिसू दे. दिसला."

"दिसला खरा."

"कुणाला, ते मी सांगितलंच नव्हतं." ते उठून बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरी भीती पसरली. "आता नाचावं लागणार."

याला इलाज नव्हता. संचालकाला सरकार बदलू शकतं, मंडळ खडसावू शकतं, पण देवाशी बोललेलं फेडलं नाही तर रात्चबुरीत कुणी त्याच्या हातची अंडीसुद्धा खाणार नाही. आचान थावोननी भाड्याने पोशाख आणला. टोकदार मुकुट, चमचमतं जाकीट, पायात चाळ. सगळं केंद्र अंगणात जमलं, जेवणघरवालीने नूडल्सची गाडीच तिथे लावली आणि तासाभरात दिवसाची विक्री झाली. अजून पुरती ताकद न आलेले आचान एका पायावर उभे राहिले, बोटं मागे वळवली, डुलले, सावरले, पुन्हा डुलले. फाटकावरच्या चित्रातला उंदीर हे सगळं दात काढून बघत होता.

लुंग चोमनेही आपलं फेडलं. त्याची अंडी आचानांच्या अंड्यांपेक्षा मोठी होती, बदकाची. ती ठेवून तो उंदीरखान्याकडे बघून म्हणाला, "बघा डॉक्टर. त्यांचंही ऐकलं, माझंही ऐकलं. असा अधिकारी सरकारात मिळेल का?"

"मासे परत सोडलेत मी रांजणात," कुंग म्हणाली. "पुण्य हवं असेल तर देवळात जा. यांना हात लावलात तर उंदरांना टोचायची सुई आहे माझ्याकडे."

"नाही लावत."

नाच संपला, लोक पांगले. आचानांना दोघांनी धरून आत नेलं. अंगणात कुणी नाही असं बघून कुंगने पिशवीतून लाल सरबताची बाटली काढली. इकडेतिकडे बघितलं. चाओ थीच्या देवळापुढे ती ठेवली आणि निघाली.

लुंग चोम चाफ्याआड झाडणी घेऊन उभा होताच.

"डॉक्टर," तो म्हणाला, "झाकण काढायचं राहिलं."

"राहिलं नाही," कुंग न थांबता म्हणाली. "त्याला प्यायची असेल, तर उघडेल तो."